एकाचं ऑफिस बीकेसीत, दुसऱ्याचं ऐरोलीत: घर कुठे घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, शाळा सुरू व्हायच्या आत नाशिकहून मुंबईत यायचंय. बायकोचं ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, सकाळी साडेनऊला हजर राहावंच लागतं. नवऱ्याचं ऐरोलीच्या आयटी पार्कात, स्टेशनवरून चालत जाता येईल असं. वेळेची थोडी मुभा आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम. मुलगी यंदा पहिलीत जाणार. टू बीएचके भाड्याने हवाय. घोडबंदर रोडला नव्या टॉवरमधलं प्रशस्त घर एका रविवारी बघून आलेत, भाडंही परवडतंय, पण रोजचं जाणं-येणं निभेल का ही शंका आहे.

शंका रास्त आहे. ते घर घेऊ नका. मुलुंड पूर्वेला शोधा. तिथे बजेटात बसलं नाही तर ठाण्यात नौपाडा नाहीतर कोपरी. मी ठाणे-मुलुंड-ऐरोली याच पट्ट्यात बरीच वर्षं भाड्याची घरं लावून देते, आणि तुमच्यासारखी, दोघांची ऑफिसं दोन दिशांना असलेली जोडपी माझ्याकडे सगळ्यांत जास्त येतात. म्हणून नुसतं ठिकाण सांगून थांबत नाही, ते कसं ठरवलं तेही सांगते. उद्या दोघांपैकी कुणी नोकरी बदलली तर हाच हिशोब तुम्हाला पुन्हा मांडता येईल.

बहुतेक जण नकाशा उघडतात आणि दोन ऑफिसांच्या मधलं ठिकाण शोधतात. ऐरोली आणि बीकेसीच्या मधोमध विक्रोळी-घाटकोपर येतं. दोघांनाही सारखंच अंतर, म्हणजे कुणावर अन्याय नाही, असं वाटतं. पण मुंबईत माणूस सरळ रेषेत जात नाही, रुळांच्या वाटेने जातो. विक्रोळीहून ऐरोली नकाशावर खाडीपलीकडे समोर दिसते, पण ट्रेनने जायचं तर आधी ठाणे गाठायचं, पूल चढायचा-उतरायचा आणि नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची. त्यामुळे मी किलोमीटर बघतच नाही. मी दोन गोष्टी बघते: वाटेत किती वेळा गाडी बदलावी लागते, आणि पहिल्या गाडीत चढताना ती किती भरलेली असते. एकदा बदलून तासाभराचा प्रवास माणूस वर्षानुवर्षं करतो. तीन वेळा बदलून पन्नास मिनिटांचा प्रवास कागदावर कमी दिसतो, पण त्यातली एक कडी रोज कुठे ना कुठे निसटते आणि साडेनऊची हजेरी हुकते.

आता तुमच्या दोन वाटा बघू.

बीकेसीला लोकल थेट जात नाही. पश्चिम रेल्वेवाले वांद्र्याला उतरतात, मध्य रेल्वेवाले कुर्ल्याला, थोडे सायनला. ऑक्टोबर २०२४ पासून मेट्रो ३ चं स्टेशन बीकेसीत आहे, पण ती मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत जाते. ठाण्याच्या बाजूने येणाऱ्याला तिच्यापर्यंत पोचायलाच दोन बदल लागतात. म्हणजे तुमच्यासाठी कुर्ला. तिथून पुढे बस नाहीतर शेअर रिक्षा. कुर्ला पश्चिमेला सकाळी पावणेनऊला उभं राहून बघा: पुलावरून उतरणारी गर्दी, खाली फेरीवाले, रिक्षांच्या रांगेत तीन-तीन माणसं भरून सुटणाऱ्या गाड्या, आणि पुढे पुन्हा सिग्नल. पंधरा मिनिटांचं अंतर एखाद्या दिवशी अर्ध्या तासावर जातं. हा तुकडा तुम्ही मध्य रेल्वेवर कुठेही राहिलात तरी तसाच राहणार. त्यावर तुमचा काही इलाज नाही. तुमच्या हातात आहे ते घरापासून कुर्ल्यापर्यंतचं अंतर. तेवढं सोपं, एका गाडीचं आणि भरवशाचं करून घ्या.

ऐरोलीला जायला या बाजूने सोयीच्या वाटा दोनच. एक ठाण्याहून ट्रान्स हार्बर, २००४ मध्ये सुरू झालेली. ठाण्यानंतर दिघा गाव आणि मग ऐरोली, दहा-बारा मिनिटांची गोष्ट. दुसरी मुलुंड पूर्वेकडून खाडीवरच्या ऐरोली पुलाची. म्हणजे रेल्वेची वाट ठाण्यात सुरू होते आणि रस्त्याची मुलुंडला. तुमच्या बीकेसीच्या वाटेवरही हीच दोन स्टेशनं लागतात. दोघांचे रस्ते जिथे खरोखर जुळतात ती जागा घाटकोपर नाही, मुलुंड-ठाणे आहे.

या दोनांत मुलुंड पूर्व आधी का, ते सांगते. मुलुंड पूर्वेहून ऐरोलीकडे बस जातात, दुचाकी असेल तर आणखी सुटसुटीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऐरोली नाक्यासह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला, त्यामुळे कधी चारचाकी काढली तरी तो खर्च नाही. पूल अडला तर मुलुंडहून एक स्टेशन मागे ठाण्याला जाऊन ट्रान्स हार्बर आहेच. प्रत्येक माणसाला ऑफिसला जायच्या दोन वाटा असल्याच पाहिजेत, हे मी हट्टाने सांगते. एकच वाट असलेलं घर कितीही देखणं असलं तरी एका बिघाडात तुम्ही अडकता.

आणि बायकोसाठी मुलुंडहून कुर्ला म्हणजे धीम्या लोकलने साधारण २५ मिनिटं. नवीन माणसाला फास्ट गाडीचं फार आकर्षण असतं. कुर्ल्यापर्यंत जाणाऱ्याने ते सोडून द्यावं. कल्याणहून आलेली फास्ट ठाण्यापर्यंत इतकी भरलेली असते की आत शिरायला झगडावं लागतं. शिरलात तरी कुर्ला लवकर येतं आणि आत अडकलेल्या माणसाला दारापर्यंत येता येत नाही. दादरला जाणाऱ्या बायका दार अडवून उभ्या असतात, त्यांचंही चुकत नाही. वाचलेली आठ-दहा मिनिटं त्या धक्काबुक्कीला पुरत नाहीत. त्यापेक्षा ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल घ्या. मुलुंड हे तिचं पहिलंच स्टेशन. बसायला मिळेलच असं नाही, पण लेडीज डब्यात आत, पंख्याखाली, पाय टेकून उभं राहता येतं. ठाण्यात राहिलात तर त्याच गाडीत बसून जाता येईल; नौपाडा-कोपरीचा हा मोठा फायदा आहे. मुलुंडच्या काही जणी उलट दिशेने ठाण्यापर्यंत जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. तसं करायचं असेल तर पास ठाण्यापासूनचा काढा, मुलुंडचा पास त्या एका स्टेशनाला चालत नाही.

ठाण्यात राहिलात तर नवऱ्याच्या बाबतीत एक गैरसमज दूर करते. 'नवी मुंबईकडे जायचं म्हणजे गर्दीच्या उलट दिशेने' असं लोक धरून चालतात. सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावर जाऊन बघा. कल्याण-डोंबिवलीकडून आलेली सगळी आयटीवाली मंडळी तिथेच उतरून वाशी-पनवेलची गाडी पकडतात. गाडी भरूनच सुटते. नवऱ्याचं ऐरोली दुसरंच स्टेशन, म्हणून निभतं, पण मोकळ्या गाडीची अपेक्षा ठेवू नये.

आता घोडबंदरच्या घराबद्दल. तुम्ही ते रविवारी पाहिलंत, माजिवड्याहून वीस मिनिटांत पोचलात. आमच्या धंद्यात घरं रविवारीच दाखवली जातात, कारण गिऱ्हाईकाला तेव्हाच वेळ असतो. पण घोडबंदर रोड हा फक्त तिथे राहणाऱ्यांचा रस्ता नाही. जेएनपीटी बंदराकडून आणि भिवंडीकडून अहमदाबादच्या दिशेने जाणारे अवजड ट्रक-कंटेनर याच रस्त्याने गायमुखचा घाट चढतात. एक कंटेनर घाटात बंद पडला की मागे कासारवडवलीपर्यंत रांग लागते, आणि त्या रांगेत तुमची बसही उभी असते. त्यात मेट्रोच्या आणि रस्त्याच्या कामांनी रस्ता कुठे ना कुठे अरुंद झालेलाच असतो. तुम्हाला या रस्त्यावरून रोज आधी ठाणे स्टेशन गाठायचंय, मग खरा प्रवास सुरू होणार. घर ते स्टेशन हा तुकडा रोज वेगळा वेळ घेत असेल, तर पुढचं कुठलंच वेळापत्रक उपयोगाचं नाही.

भाड्यातली बचतही नीट मोजा. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, दीड किलोमीटरला. पुढे किलोमीटरला १७ च्या वर. स्टेशनपासून ९ किलोमीटरवर घर म्हणजे एका खेपेला दीडशेच्या वर. जाऊन-येऊन महिन्याच्या २२ दिवसांचे झाले साडेसहा हजारांच्या पुढे, तेही एकाच माणसाचे. रोज बसनेच जाऊ असं सगळे ठरवतात. दोन-तीनदा उशीर झाला की सकाळी रिक्षाच होते. उलट किमान भाड्याच्या अंतरावर घर असेल तर रोज दोन्ही वेळा रिक्षा केली तरी महिन्याला १,१४४ रुपये, आणि उन्हाळा-हिवाळा चालतच जाल. लोकलचा पास मुंबईत सगळ्यांत स्वस्त आहे, त्याचा विचार करून घर लांब घेण्यात अर्थ नाही. पैसा खातो तो स्टेशनपर्यंतचा प्रवास. म्हणून दोन घरांची तुलना करताना भाड्यात हा खर्च मिळवून मगच बोला. माझ्याकडे आलेल्या कित्येकांचा 'स्वस्त घर' हा निर्णय या एका बेरजेने बदललाय.

आता मुलीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ती एका वाक्यात आली आहे आणि माझ्या मते सगळं तिच्यावरच ठरायला हवं. शाळेतून फोन आला की पोरीला ताप आहे, घेऊन जा, तर कोण पोचणार? बीकेसीतून दीड तासाच्या आत कुणी घरी येत नाही असंच धरा. म्हणजे हे काम नवऱ्याचं: वेळेची मुभा त्यांना आहे, दोन दिवस ते घरीच आहेत. मग शाळा आणि घर त्यांच्या टप्प्यात हवं, अर्ध्या तासात गाठता येईल असं, आणि त्याच वेळी बायकोला एका गाडीने कुर्ला मिळायला हवं. मुलुंड पूर्वेला या दोन्ही अटी एकदम बसतात. घाटकोपरला दुसरी बसते, पहिली नाही. ऐरोलीला पहिली बसते, दुसरी नाही.

शाळा मात्र रुळांच्या ज्या बाजूला घर त्याच बाजूला घ्या. मुलुंड पूर्व आणि पश्चिम ही कागदावर एकच वस्ती, पण मधे रेल्वे आहे. नाव मोठं म्हणून पश्चिमेची शाळा घेतलीत तर स्कूल बस पुलाला वळसा घालून येते आणि सहा वर्षांचं लेकरू पाऊण तास गाडीत बसून राहतं. पूर्वेला ९० फुटी रस्ता, नवघर रोड, मिठागर रोड, गव्हाणपाडा या भागात शोधा. जुन्या तीन-चार मजली सोसायट्या भरपूर आहेत. लिफ्ट नसेल, पार्किंग अडचणीचं असेल, स्वयंपाकघर घोडबंदरच्या निम्मं असेल. ते मी लपवत नाही. पण संध्याकाळी सव्वासातला घरी पोचलेली आई आणि साडेआठला पोचलेली आई यांत मुलीच्या दृष्टीने जो फरक आहे तो बाल्कनीने भरून निघत नाही. हरिओम नगरमध्ये इमारती बऱ्या आहेत, पण ते पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडे. तिथून स्टेशनला चालत जायचं स्वप्न बघू नका.

बाकीचे पर्याय तुमच्या कानावर येतीलच. ऐरोलीतच राहा, असं नवऱ्याचे सहकारी सांगतील. सेक्टर नीटस आहेत, त्यांना चालत ऑफिस. पण बायकोला ऐरोली-ठाणे, ठाणे-कुर्ला, कुर्ला-बीकेसी. परतताना ठाण्याला उतरून भरलेली ट्रान्स हार्बर. ज्याच्या वेळेला मुभा नाही त्याच्याच वाट्याला दोन बदल, हे उलटं झालं. तिच्या कंपनीची बस ऐरोलीहून जात असेल तरच याचा विचार करा, आणि ती संध्याकाळी किती वाजता शेवटची सुटते हे एचआरला आधी विचारा.

घाटकोपर महाग आहे, पण एका बाबतीत वरचढ: मेट्रो १. जून २०१४ पासून घाटकोपरहून अंधेरी-वर्सोव्याला मेट्रो आहे आणि आता मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३ ने बीकेसीला जाता येतं. दोन्ही नोकऱ्या अजून पक्क्या नसतील, वर्षभरात अंधेरीकडे जायची शक्यता असेल, तर घाटकोपरचं जादा भाडं वसूल होईल. मुलुंडला राहूनही ही वाट लक्षात ठेवा. कुर्ला पश्चिमेला पाणी भरलं की घाटकोपरला उतरून मेट्रोने जायचं. वेळ जास्त लागतो, पण कोरड्या पायांनी पोचता.

डोंबिवली मला मनापासून आवडते. मराठी माणसाला घरच्यासारखं वाटेल असं गाव, भाजीपासून नाटकापर्यंत सगळं हाताशी. पण तुमच्या दोघांच्या गाड्या दिव्या-मुंब्र्याच्या गर्दीतून जाणार. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर धावत्या लोकलच्या दारांतली माणसं खाली पडली, त्यात काहींचा जीव गेला. ती रोजचीच, पास काढून कामाला निघालेली माणसं होती. डोंबिवलीहून सुटणारी लोकल रोज मिळेल अशी तुमची वेळ असेल तर वेगळी गोष्ट. साडेनऊच्या हजेरीला ती वेळ जुळवत बसावं लागेल. परवडत असताना मी कुणालाही त्या गर्दीत पाठवत नाही.

पावसाचं एवढंच सांगते. मध्य रेल्वे अडते ती बहुधा सायन-कुर्ल्याच्या सखल पट्ट्यात, मिठी नदी तिथून जवळ आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसं रोज होत नाही, पण जुलै-ऑगस्टात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की दोन-चार दिवस असे येतातच. त्या दिवशी घरून काम करू देतील का, हे बायकोने रुजू होतानाच विचारून ठेवावं. घर बघताना तळमजल्याच्या भिंतींवर ओलीची रेघ आहे का तेवढं बघा.

'दोन वर्षांत मेट्रो येणार' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक एजंट ऐकवेल. मेट्रो ३ चंच बघा: आधी ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मग मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. पहिला टप्पा सुरू झाल्यावरही चर्चगेटला जाणाऱ्याला वर्षभर थांबावंच लागलं. घर विकत घेणाऱ्याने दहा वर्षांचा विचार करावा, ते योग्यच. पण भाड्याचा करार ११ महिन्यांचा असतो. जी गाडी आज धावते तिच्यावरच भाडं द्या.

घर पक्कं करायच्या आधी एकदा प्रत्यक्ष प्रवास करून बघा. मंगळवारी किंवा बुधवारी. रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो आणि गर्दी नसते, त्यातून काहीच कळत नाही. नाशिकहून सकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघालात तर मुंबईत पोचेपर्यंत सकाळची खरी गर्दी ओसरत आलेली असते, म्हणून आदल्या रात्रीच मुलुंडला मुक्कामाला या. सकाळी आठच्या सुमाराला दोघांनी आपापल्या वाटेने निघा. संध्याकाळचा प्रवास तर नक्की करा. सकाळी माणूस ताजा असतो, सगळंच जमेल असं वाटतं. घराची निवड परतीच्या प्रवासावर करावी, कुर्ल्याला सहानंतर लेडीज डब्यात चढून, मुलुंडला उतरून, वाटेत भाजी घेऊन, चालत सोसायटीच्या फाटकापर्यंत. वाटेवर दिवे आहेत का, फुटपाथ आहे का, हेही तेव्हाच कळतं. जाहिरातीतली 'स्टेशनपासून पाच मिनिटं' तुमच्या पायांनी मोजा, मुलीचा हात धरून.

घर आवडलं तर टोकन द्यायच्या आधी शाळेच्या प्रवेशाचं नक्की करा. जागा भरल्या असतील तर घर हातात आणि शाळा पश्चिमेला अशी गत होते. करार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदणी केलेलाच हवा. महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. शाळेच्या प्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणूनही तोच लागतो. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही असा काळ, सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका. पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, दोघांपैकी एकाचा जरी प्रवास नकोसा झाला असेल तर घर बदलायची मोकळीक तुमच्याकडे असायला हवी, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार हेही करारात लिहून घ्या.